चन्नबसप्पा मास्तरांचं शिफारसपत्र

नळदुर्गच्या चन्नबसप्पा मास्तरांनी आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलं नाही. त्यांच्या कौतुकाची शेवटची पायरी म्हणजे "चालतंय." आंबा चालतंय, जावई चालतंय, हैदराबादेहून आलेल्या बड्या साहेबानं किल्ल्याबद्दल विचारलं, तर किल्लाही चालतंय. त्यांच्या पत्नी नीलक्का म्हणायच्या, "तीस वर्सं झाली, माझ्या हातची भाकर आपली चालतीया."

शाळेत माझा पहिला नंबर आला, तेव्हा मास्तर म्हणाले, "बाकीचे आजारी होते का रं?"

अशा माणसाकडून मला शिफारसपत्र हवं होतं.

निजामाच्या राजवटीतले ते दिवस; हैदराबादेत उर्दूतून बी.ए. करून मी गावी परतलो होतो आणि पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी अर्ज करत होतो. याद्या करायची माझी सवय तेव्हापासूनची. अर्जाच्या यादीत पाच बाबी होत्या. पदवीचा दाखला, गुणपत्रकाचं इंग्रजी भाषांतर, तहसिलीतून रहिवासाचा कागद आणि हैदराबादच्या प्रोफेसरांचं पत्र, या चारांपुढे खुणा झाल्या. पाचवी बाब राहिली: दहा वर्षं ओळखणाऱ्या शिक्षकाचं पत्र, बंद पाकिटात. असा शिक्षक गावात एकच.

ओळख म्हणावी तर रोजची. संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवायचो आणि मग आमचं वाजायचं. सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात, सोलापुरात, कापड स्वस्त आणि आपल्याकडे महाग का, यावर मी नाक्यावरची करोडगिरी, म्हणजे बाहेरच्या मालावरची जकात, समजावून सांगायचो.

"दुकानदार लबाड हाय, दुसरं काय न्हाय," ते म्हणायचे. "एवढ्यासाठी बुकं कशाला वाचाय लागत्यात?"

शेवटी एकदा मी विषय काढला. "मास्तर, पत्रात जरा बरं लिहा."

"खरं लिहीन."

तीन दिवसांनी लाखेची मोहर लावलेलं पाकीट हातात आलं. शेवटची तारीख अंगावर आली होती, म्हणून टपालावर न विसंबता मी स्वतःच पुणं गाठलं. वाटभर डोळ्यांपुढे एकच ओळ: मुलगा चालतंय.

कॉलेजच्या कारकुनानं लाख फोडली. कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. पत्र उर्दूत होतं. मास्तरांना दोष तरी काय द्यावा? आमच्याकडे सरकारी कागद उर्दूतच व्हायचा, आणि मास्तरांच्या लेखी सरकार सगळीकडे एकच.

"वाचा," कारकून म्हणाला. लगेच त्यानं कागद मागे घेतला. "नको. स्वतःची शिफारस स्वतःच वाचलीत, तर ती चांगलीच निघणार. आणि हे पत्र ग्राह्य धरता आलं नाही, तर अर्ज अपुरा. परत जाईल."

बऱ्याच खटपटीनं फारसी शिकवणारे एक वयस्कर प्रोफेसर सापडले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

"'नववीत याने फळ्यावरची माझी चूक दाखवली. मी याला बाकावर उभे केले. चूक माझीच होती. हे याला आजवर सांगितलेले नाही.'"

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं.

"'पंचवीस वर्षे मुले शिकवली. याच्यासारखा दुसरा आला नाही.'" प्रोफेसर थांबले. "पुढं लिहिलंय, हे त्याला कळू देऊ नये."

"मी ऐकलं नाही," मी म्हणालो.

"उत्तम. आता शेवटचं. 'हा गेल्यावर संध्याकाळी माझ्याशी भांडायला कोणी उरणार नाही. ती गैरसोय माझी आहे. अर्जाशी तिचा संबंध धरू नये.'"

कारकुनानं अर्जावर शिक्का मारला.

चार दिवसांनी फलकावर नाव लागलेलं पाहिलं आणि मी तिथंच पायरीवर बसलो. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या सुटीत मोटारीतून उतरलो तो घरी गेलोच नाही. ट्रंक मास्तरांच्या ओसरीवर ठेवली आणि पाणी प्यायच्या आधी भांडण उकरून काढलं. कशावरून, ते आता आठवत नाही. पत्राबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. नीलक्का दोनदा चहा ठेवून गेल्या. दिवे लागले, तेव्हा मी ट्रंक उचलली.

मास्तर दारापर्यंत आले. "उद्या जरा लवकर ये," ते म्हणाले. "आजचं अर्धं ऱ्हायलंय."