भारवाढीचा अर्ज

कार्यालयामागच्या खोलीतले डिझेल इंजिन प्रमाणाबाहेर डिझेल पिते, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल, असे पत्र इंजिनचालकाच्या हातात पडले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

खुलासा सोपा होता. इंजिन अडीचशे किलोवॅटचे. वीज गेली की त्यावर चालायचे जेमतेम चाळीस किलोवॅटचे दिवे-पंखे. एवढे धूड नुसते फिरत ठेवायलाच डिझेल लागते. शिवाय ते पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि धुराड्यात काजळी धरते. चालकाने लिहिले : ‘भार कमी असल्याने कार्यक्षमता घटली आहे. लहान इंजिन द्यावे किंवा भार वाढवावा.’

लहान इंजिन म्हणजे खरेदी आणि खरेदी म्हणजे समिती. म्हणून हेडक्लार्कने तेवढे शब्द खोडले आणि ‘भार वाढवावा’ हा अर्ज आस्थापना शाखेकडे पाठवला. तिथे तो उभे राहून वाचला गेला. कामाचा भार वाढवून मागणारा कर्मचारी शाखेने आजवर पाहिला नव्हता. दोनच दिवसांत आदेश निघाला : आवक-जावक नोंदवही आणि लिफ्ट यांचा अतिरिक्त कार्यभार इंजिनचालकाकडे.

तो धावत आस्थापना प्रमुखांकडे गेला. “अहो साहेब, भार माझा नाही, इंजिनाचा वाढवायचाय!”

“इंजिन आस्थापनेवर आहे का?”

“नाही हो, सिमेंटच्या ओट्यावर आहे.”

“मग त्याला भार देणार कसा? आधी आस्थापनेवर घ्यावं लागेल.”

“घ्या मग!” चालक वैतागून म्हणाला.

त्याची संमती इतिवृत्तात नोंदवली गेली.

इंजिनाला कर्मचारी क्रमांक मिळाला, सेवापुस्तक उघडले. वैद्यकीय तपासणीत शेरा पडला : ‘काळा धूर सोडतो. कामास योग्य.’ मग त्याचे काम मोजण्यात आले. ते क्षमतेच्या सोळा टक्के भरले. तुलनेसाठी सगळ्या कार्यालयाची सरासरी काढली, ती अकरा निघाली. इंजिनाला ‘अत्युत्कृष्ट’ शेरा मिळाला. डिझेलबद्दलचे पत्र सन्मानपूर्वक मागे घेतले गेले.

“वाचली बाबा नोकरी!” चालकाने सुस्कारा सोडला.

“इंजिनाची वाचली,” प्रमुख म्हणाले. “त्या खोलीत मंजूर पद एकच आहे. दोघांना कसं ठेवू? आणि भरती तुमच्याच संमतीनं झालीय.”

चालकाने त्याच दुपारी इंजिनाकडे कार्यभार सोपवला. स्वीकारणाऱ्याच्या सहीच्या जागी काजळीचा ठिपका उमटला. तो ग्राह्य धरण्यात आला.

आता हे तुम्ही कामाच्या वेळेत वाचत असाल, तर घाबरू नका. त्या अकरा टक्क्यांत तुम्हीही धरलेले आहात. फक्त एकदा मागे वळून बघा, धूर दिसतोय का.