गुलाबरावांचं गावरान चाक

गुलाबराव सायकलीच्या चाकाला स्टेथोस्कोप लावतात.

सकाळी मी दुकानाचं शटर वर करतो तेव्हा समोरच्या ओट्यावर हे दृश्य असतं. सायकल उलटी करून ठेवलेली, चाक गरागरा फिरतंय, आणि साठी ओलांडलेला एक धिप्पाड माणूस कानात नळ्या घालून, डोळे मिटून, चाकाच्या मध्याशी नळीचं टोक धरून बसलाय. रस्त्यानं जाणारा कुणीतरी विचारतोच, "काय डाक्टर, नाडी लागते का?"

"लागते," गुलाबराव डोळे न उघडता सांगतात. "डाव्या अंगचं बेरिंग कन्हून राह्यलं. बोलू नोको, ऐकू दे."

गुलाबराव डॉक्टर खरेच, पण ढोरांचे. सारी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत झाली. निवृत्त होऊन रिसोडला आमच्या गल्लीत घर बांधलं, तरी डोंगराकडच्या वाड्यांवरची माणसं गाय अडली की अजून त्यांनाच फोन करतात. आणि हेही फोन आला की निघतात. पूर्वी मोटारसायकलवर निघायचे. एक दिवस ती विकून टाकली आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसले.

"झेरॉक्स," ते म्हणाले. माझं नाव त्यांना ठाऊक आहे, पण ते मला दुकानाच्या नावानंच हाक मारतात. "थे माउंटन बाईक असते नं, थे जोडायची आहे."

"काका, आपल्या वाशीम जिल्ह्यात माउंटन कुठं आहे?"

"माउंटन नसन तं नसन. शेतातली पांदन तं हाये! आमच्या पांदनीत जे सायकल चालली थे हिमालयात बी चालन. तू आधी चाकं दाखव."

"आधी सायकल बघू ना. चाकं तिच्याबरोबर येतातच."

त्यांनी माझ्याकडे फार कीव करून पाहिलं. "गाय घेतानी आधी पाय पाह्यतेत का रंग?"

तिथून पुढे आठ महिने गुलाबराव माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. लोक पीकविम्याचे फॉर्म भरायला रांग लावून उभे, आणि हे खुर्चीत, चष्मा कपाळावर, पडद्यावर चाक. इंग्रजी मी वाचून सांगायचं. त्यातही चांगले अभिप्राय वाचायला बंदी होती. "चांगलं सारेच बोलतेत. ज्यायचं चाक मोडलं त्यायचं वाच." मग मी कुठल्या कोण्या देशातल्या माणसाची रिम दगडावर कशी चेपली ते वाचून दाखवायचो, आणि रांगेतले शेतकरी "अरारारा" करायचे. महिनाभरात आमच्या रांगेतल्या निम्म्या माणसांना चाकातलं कळायला लागलं होतं.

चाकांकडे गुलाबराव ढोरांसारखंच पाहायचे. स्पोक म्हणजे बरगड्या. हब म्हणजे खुबा. कार्बनची, पिसासारखी हलकी रिम दाखवली तेव्हा त्यांनी हात झटकला. "हे जर्सी हाये. पंख्याखाली ठेवा लागते. ऊन लागलं का जीभ काढते. आपल्याले गावरान पाह्यजे, बापा." हे 'गावरान पाह्यजे' आमच्या गल्लीत इतकं चाललं की भाजीवालीही वांगी देताना तेच म्हणू लागली.

एकदा ते स्वतःच अकोल्याला गेले. तिथल्या मोठ्या दुकानातला विक्रेता उत्साही होता. त्यानं एक चाक एका बोटावर तोललं. "बघा सर, किती हलकं आहे! सहज उचलता येतं."

"भाऊ," गुलाबराव म्हणाले, "मी चाक उचलनार नाही. चाकानं मले उचलायचं हाये."

त्या दुकानातून त्यांनी दोन रिमा घेतल्या. दुहेरी भिंतीच्या, छत्तीस स्पोकांच्या, सव्वीस इंची. विक्रेता म्हणाला, आता सगळे एकोणतीस इंची घेतात. गुलाबराव म्हणाले, "एकोनतीसचा ट्यूब रिसोडात हटकून भेटते का? पंचर मले अथी होनार नाही, तथी पांदनीत होईन." मग एक रिम डाव्या खांद्याला, एक उजव्या खांद्याला अडकवून ते एसटीत बसले.

त्याच दिवशी शिरपूरला माझ्या बहिणीचं लग्न होतं. बस शिरपूरवरूनच येते. गुलाबराव उतरले, मांडवात आले, आहेर दिला. आम्ही म्हटलं, रिमा तिकडे खोलीत ठेवा. "लग्नाच्या गर्दीत कोनी पाय देईन," म्हणाले आणि तशाच अडकवून जेवले. फोटोच्या वेळी नवरीच्या बरोबर मागे उभे राहिले. अल्बममध्ये माझ्या बहिणीच्या डोक्यामागे देवीसारखी लखलखीत प्रभावळ आहे. तिच्या सासरचे लोक अजून विचारतात, ही सजावट कुणाची?

रिमा आल्या, पण परीक्षा व्हायची होती. सोयाबीनचं भरलेलं पोतं रिमवर ठेवून त्यावर ते स्वतः बसले. बंद डबीतल्या बेअरिंगचे हब मागवले आणि काळ्या मातीच्या बादलीभर चिखलात बुडवून आठ दिवस ओट्यावर ठेवले. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारणींना सांगायच्या, "लोकायच्या घरी लोनचं मुरते. आमच्या घरी हब मुरून राह्यलं." नवव्या दिवशी हब धुतला, फिरवला, स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. मग काकूंना हाक मारली, "अवं, ऐक! काहीच आवाज नाही!" काकूंनी खरंच नळ्या कानात घातल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, "असाच तुमचा आवाज बी बंद झाला असता तं बरं झालं असतं."

स्पोक भरायचं काम बसस्टँडजवळच्या रफिकभाईंकडे. रफिकभाई चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतात, बोलतात कमी. गुलाबराव शेजारी बसून एकेक स्पोक बोटानं छेडायचे आणि म्हणायचे, हा ढिला, हा ताठ. तिसऱ्या दिवशी रफिकभाईंनी पाना खाली ठेवला. "डाक्टरसाब, ये साइकिल है, भैंस नहीं."

"म्हशीले मी इतकं पाह्यत नाही, रफिकभाई. म्हैस स्वतः सांगते."

शेवटी दोघांचं जमलं. चाकं झाली, मग साधी मजबूत फ्रेम आली, आणि सायकल उभी राहिली. मडगार्ड नाही. फ्रेम आणि टायर यांच्यात दोन बोटं आरपार जातील एवढी जागा. गल्लीनं पाहिलं आणि ठरवलं की डॉक्टरांनी आठ महिने लावून पेपरवाल्याची सायकल तयार केली. मीही हसलो. खोटं कशाला बोलू.

मग भादव्यात पावसानं आठ दिवस उघडीप दिली नाही. नवव्या दिवशी सकाळी गुलाबराव माझ्या दुकानात चहा घेत असताना त्यांचा फोन वाजला. ते फोन नेहमी स्पीकरवर घेतात. डोंगराकडच्या वाडीवरचा किसन बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचा आवाज फाटत होता.

"डाक्टर, गाय पहाटपासून अडली. एकच पाय भाईर हाये. सरकारी डाक्टर तिकडं दुसऱ्या टोकाले गेलेत, त्यायले दुपार होईन म्हनतेत."

"डोकं लागते का हाताले?"

"लागते."

"ओढू नोका. कोनीच ओढू नोका! दुसरा पाय मांगं दुमडला हाये. मी आलो."

चहा तसाच राहिला. पिशवी पाठीला लावून ते सायकलवर बसले. मी म्हटलं, काका, माझ्या गाडीवर चला. "तू ये मांगून," ते म्हणाले आणि निघालेही.

डांबरी रस्त्यावर मी त्यांना सहज गाठलं. शेजारून चालवत मी दोनदा म्हटलं, बसा ना मागे. त्यांनी मान हलवली. पुढे डांबर संपलं आणि दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी पांदण सुरू झाली. काळी माती आठ दिवस भिजली की तिचा रस्ता राहत नाही, तिचा डिंक होतो. माझी मोटारसायकल शंभर पावलं गेली. मग मडगार्डमध्ये माती अशी ठासली की चाक फिरेना. मी खाली उतरलो, काडीनं माती कोरली, दहा पावलं गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गाडी माझ्यासकट आडवी झाली.

समोर गुलाबराव चालले होते. बांधाच्या गवतावरून, कधी चिखलातून. टायरला चिकटलेली माती त्या दोन बोटांच्या फटीतून गोळे गोळे होऊन गळत होती आणि चाक फिरत होतं. नाला आला तेव्हा उतरले, सायकल खांद्यावर घेतली, पार झाले, पुन्हा बसले. पुढे वाडीचा चढ, नुसते काळे दगड. साठीपुढचा माणूस उभ्यानं पायडल मारत होता. एका दगडावरून मागचं चाक असं आदळलं की मला खालपर्यंत ठण्ण ऐकू आलं. मी मनात म्हटलं, गेली रिम. सायकल तशीच वर चढून दिसेनाशी झाली.

मी चपला हातात घेऊन वाडीवर पोचलो तेव्हा गोठ्यासमोर सगळी वाडी उभी होती. गुलाबराव शर्ट काढून, खांद्यापर्यंत हात घालून, गाईच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. तोंडानं गाईशी बोलत होते. "हो माय... हो बाई... थोडं थांब... कळ आली का मंग लाव जोर... आता नाही." किसन गाईचं डोकं छातीशी धरून उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"भेटला," गुलाबराव एकदम म्हणाले. "खूर भेटला."

वासरू आत ढकललं, खूर मुठीत झाकला, दुमडलेला पाय सरळ करून बाहेर आणला. गाईनं कळ दिली. "आता! किसन, ये इकडं! खालच्या अंगानं ओढ, सरळ नोको!" पाय आले, नाक आलं, आणि मग एकदम सगळं वासरू गुलाबरावांच्या मांडीवर आलं. कालवड. ओली, काळी, आणि अजिबात न हलणारी.

किसनची आई हुंदका देऊन मागे फिरली. गुलाबरावांनी कुणाकडे पाहिलं नाही. नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, पोत्यानं बरगड्या खसाखसा चोळल्या, गवताची काडी तिच्या नाकपुडीत सारली. काही नाही. पुन्हा चोळलं. पुन्हा काडी. "शिंक," ते म्हणाले, "अवं शिंक नं!"

कालवड शिंकली.

मी आयुष्यात क्रिकेटचे सामने पाहिलेत, निवडणुकांचे गुलाल पाहिलेत. त्या एका शिंकेवर त्या वाडीनं जी आरोळी ठोकली तशी मी कुठं ऐकली नाही. किसन गुलाबरावांच्या गळ्यात पडला तो सोडेचना. गाय मान वळवून लेकराला चाटायला लागली. किसनची आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. गाईला लावलं, कालवडीला लावलं, आणि कुणी सांगितलं नसताना भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे जाऊन दोन्ही चाकांना लावलं.

तेव्हा कुठं गुलाबरावांना चाकांची आठवण झाली. तसेच उघडे, हात माखलेले, सायकलीजवळ गेले. मागचं चाक उचलून फिरवलं. रिम ब्रेकच्या बाजूनं सुतासारखी सरळ फिरत राहिली.

"पाह्य, झेरॉक्स! पाह्य! आऊट नाही! केसभर नाही!" त्यांनी मला दंडाला धरून वाकवलं. "अबे, छत्तीसच्या छत्तीस बरगड्या शाबूत हायेत!" मग वाडीतल्या प्रत्येकाला त्यांनी चाक फिरवून दाखवलं. कुणीही हसलं नाही. मी तर नाहीच.

परतताना उतारावर आम्ही दोघं पायीच चाललो, सायकल मध्ये. वाडीच्या खाली, पांदणीच्या तोंडाशी, एकटं घर आहे. गुलाबराव न विचारता अंगणात वळले. "यमुनामाय!"

सत्तरीपुढची एक बारकी म्हातारी बाहेर आली. "आज काहून? आज बुधवार नाही नं?"

"वाडीवर आल्तो," म्हणत ते रांजणाजवळ हात धुवायला गेले.

मी गोठ्याकडे पाहिलं. तिथं सरपण रचलेलं होतं. मी म्हातारीला विचारलं, "माय, डाक्टर दर बुधवारी येतात, मग ढोर कुठं आहे?"

"ढोर नाही, बापू. एक गाय होती. दोन पावसाळे झाले. अशीच अडली. हे निंगाले फोन केल्याबरोबर, पन फटफटी गाऱ्यात फसली. मंग गाडी टाकून धावत आले. तवालोक गाय गेल्ती." ती चुलीकडे वळली. "मी म्हनलं, तुमचा काय दोष. चहा करून देल्ला. तवापासून दर बुधवारी येतेत. माह्या बीपीच्या गोया आनून देतेत, बसतेत, जातेत. मी बी आता इचारत नाही, काहून येता."

गुलाबराव हात पुसत आले आणि उंबऱ्यावर बसले. तिनं चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली.

"काय झालं वाडीवर?"

"कालवड झाली. चांगली हाये."

"मंग पोचले म्हना येळेवर."

गुलाबरावांनी तोंड पांदणीकडे वळवलं. मग म्हणाले, "साखर लय टाकली वं, माय," आणि कप रिकामा करून पुन्हा तिच्यापुढे धरला.