वासुकाकांची ऑर्गनची कॅसेट

वासुकाका गणपतीचे डोळे चर्चमधला ऑर्गन ऐकत रंगवायचे. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. सगळीकडे भजनं नाहीतर सिनेमाची गाणी चालू, आणि काकांच्या कारखान्यातून मात्र परदेशातल्या कुठल्याशा थोरल्या चर्चचा ऑर्गन घुमायचा. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. एसटी स्टँडजवळ माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे काकांच्या टेपरेकॉर्डरची नाडी माझ्या हातात होती.

कॅसेटवर चाली नाना तऱ्हेच्या. एक मुंगीच्या पावलानं चालणारी, एक नाचरी, आणि तिसरी अशी गडगडायची की फळीवरचे रंगाचे डबे थरथरत. एकदा कुणीतरी टोकलं, गणपतीला चर्चचं वाजवणं कशाला? काका म्हणाले, "वाजवणाऱ्यानं जात इचारून वाजवलंय काय?" पुढं कुणी विचारलं नाही.

गिऱ्हाइकंही तयार झाली होती. रोह्याच्या मंडळाचे अध्यक्ष दरवर्षी बजावून जात, "काका, आमचे डोळे हळू चालीवर रंगवा. मागे गडगडाटावर रंगवलेत, तर बाप्पा दहा दिवस आमच्यावर डोळे वटारून होता."

डोळ्यांच्या या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. छोट्या मूर्तींची आखणी कारागीर करत, मोठ्या मूर्ती काकांच्या. रेषा कुठल्याही चालीवर ओढतील, पण बुबुळ काढायची जागा ठरलेली. तिसरी चाल संपली की कॅसेटवर चार-पाच सेकंद शांतता होती. त्यात कुणीतरी दोनदा खोकायचं. काका कुंचला वर धरून म्हणायचे, "थांबा, वाजवणारा दम घेतोय." खोकला झाला की बुबुळ टेकवायचे. मग दुसऱ्या डोळ्यासाठी कॅसेट पुन्हा मागे.

इतकी मागेपुढे केल्यावर कॅसेट तरी किती टिकणार? एका वर्षी चतुर्थीला चार दिवस असताना रीळ गुंतली. तीही रोह्याच्या मूर्तीचं एक बुबुळ काढून झाल्यावर. बाहेर टेम्पो उभा, आत एका डोळ्याचा बाप्पा. अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, दुसरा डोळा कुणाकडूनही काढून घ्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॅसेट माझ्या हातात दिली.

आता माझ्याबद्दल सांगतो. गुंतलेली रीळ सोडवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता. वीतभर रीळ पार चुरगळली होती, आणि नशीब असं की ती नेमकी त्या शांततेची होती. ब्लेडनं तेवढी कापली, टोकं चिकटवली आणि तासाभरात छाती फुगवून कारखान्यात हजर झालो. सांगितलंही, "एक सूर गेला नाही काका. उलट मधला तो खोकला होता ना, तोही काढून टाकला."

काकांनी कॅसेट लावली. तिसरी चाल संपली आणि लगेच चौथी सुरू झाली. कुंचला वरच राहिला. त्यांनी कॅसेट मागे घेतली, पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली. मग कुंचला पाण्यात ठेवून माझ्याकडे वळले.

"तो आमचा सुहास होता," ते म्हणाले.

सुहास त्यांचा एकुलता मुलगा. कारखान्याच्या धुळीनं त्याला लहानपणापासून खोकला. आखणी चालली असताना तो खोकला, म्हणून काकांनी एकदा त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं, त्याच्या खोकल्यानं आपला हात हलतो म्हणून. तो बाहेर पडला तो बोटीवर नोकरीलाच गेला. तीन वर्षांनी पोस्टानं ही कॅसेट आली. त्यानंच कुठल्याशा बंदरातल्या चर्चमध्ये बसून भरलेली. वर त्याच्या अक्षरात 'ऑर्गन' एवढंच. सोबत पत्र नाही, आणि त्यानंतर काहीच नाही.

"येवढाच हाय माझ्याकडं," काका म्हणाले. "तू तोपण काढलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानाकडे धावलो. केराचा डबा जमिनीवर उपडा केला आणि विड्यांच्या थोटकांतून ती वीतभर रीळ शोधून काढली. नखानं एकेक घडी सपाट केली, जागच्या जागी जोडली.

कारखान्यात परत आलो तेव्हा कारागीर हातातली कामं टाकून उभे होते. काकांनी कॅसेट लावली. तिसरी चाल गडगडून थांबली. थोडी खरखर झाली, आणि मग खोकला आला, दोनदा. चुरगळल्यामुळे दबका, घोगरा झाला होता.

काका कान देऊन ऐकत होते.

"सर्दी झालीया वाटतं त्याला," ते म्हणाले, आणि बुबुळ टेकवलं.