पोहोचल्यावर आईला कळव

"पोहोचलास की कळव," आईने दारातून सांगितलं. "हो गं," बाळ्या म्हणाला. बाळ्याचं वय एक्केचाळीस. तो कळवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ऑफिसात बाळ्या लुटुपुटीचं नेटवर्क बनवायचा. पडद्यावर चाळीस खोटे कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाच्या नावे एकेक पत्र. प्रत्येक कॉम्प्युटरला एक खिसा. पत्र पोहोचलं की कुणाला कळवायचं, त्याची चिठ्ठी त्या खिशात. चिठ्ठी बाहेरूनच बदलायची, कॉम्प्युटरला हातही लावायचा नाही. खिशांची कल्पना बाळ्याची होती, आणि आज पाहुण्या बाईंना ती पसंत पडली तरच काम पुढे चालणार होतं.

घोटाळा आदल्या दिवशीच झाला होता. गंमत म्हणून बाळ्याने एका चिठ्ठीवर आईचा फोन नंबर लिहिला, आणि ती एका खिशात घालायच्या ऐवजी चुकून मूळ नमुन्यात घातली. नमुन्यात जे असेल, तेच चाळीसही खिशांत.

"सतरा नंबरची तार तोडा आणि मग चालवा," बाई म्हणाल्या.

बाळ्याने तोडली, चालवलं. पडद्यावर आलं, 'पोहोचली: शून्य.'

"एकही नाही?" साहेबांनी हळूच विचारलं. "पोस्टाचा संप आहे का?"

बाळ्याने पडदा पुन्हा पाहिला. तेवढ्यात फोन वाजला. आई. त्याने कापला. पुन्हा वाजला.

"घ्या की," बाई म्हणाल्या. "निदान तो तरी पोहोचतोय."

आईचा आवाज खोलीभर ऐकू गेला. "अरे, ही कुणाची लेकरं? एकोणचाळीस जणांनी 'पोहोचलो' म्हणून कळवलंय, नंबरासकट. वळण चांगलं आहे हो. पण सतरा नंबरचं काहीच नाही. कुठे अडकलंय ते?"

बाई हसल्या. "म्हणजे माझी तार बरोबर तुटली."

बाळ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने नमुन्यातली चिठ्ठी बदलली. आईचा नंबर खोडला, त्या जागी पडद्यावरची मोजणी लिहिली. पुन्हा चालवलं. एकोणचाळीस.

"एवढंच करायचं?" बाईंनी विचारलं.

"एवढंच. एकही कॉम्प्युटर उघडला नाही."

काम मंजूर झालं. संध्याकाळी बाळ्या जवळजवळ उड्या मारतच घरी आला. आई दारातच होती.

"सतरा नंबर?"

"तार जोडली, आई. पोहोचला."

"बरं झालं." आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे चाळीसही आले. 'पोहोचलो' म्हणून कळवलं नाही ते तू एकट्यानेच."