कोरड्या बंदरातला बर्फ

बंदराला समुद्र लागतो, हा जुन्या काळचा समज आहे. वाचनालयाला वाचक लागत नाही, बसथांब्याला बस लागत नाही. मग बंदरालाच समुद्राची अट का, असा प्रश्न आमच्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत निघाला. त्यावर कोणी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणून तो एकमताने मंजूर झाला.

मंडळाचे पूर्ण नाव ‘बारामती-इंदापूर कोरडे बंदर व उद्योग विकास मंडळ’. कार्यालय बारामतीत, बंदर इंदापूरच्या बाह्यवळणावर, आणि मी, श्रीपती गावडे, निवृत्त अव्वल कारकून, या दोहोंच्या मधला सचिव. कोरडे बंदर म्हणजे काय, हे न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. मालाचे मोठाले लोखंडी कंटेनर ट्रकने एका जागी येतात, तिथेच त्यांची कागदपत्रे होतात, आणि मग माल समुद्राकडे जातो. सोय चांगली आहे आणि काही ठिकाणी ती खरोखर चालते. आम्ही तिच्यात एकच सुधारणा केली. माल येण्याची अट काढून टाकली.

कल्पना अध्यक्षांची, म्हणजे विजयसिंहरावांची. ते कन्येकडे अमेरिकेला गेले असताना शेजाऱ्याने घरातले जुने सामान विकायला अंगणात मांडले होते. त्यात त्यांना १९५३ सालची एक पुस्तिका मिळाली. तिकडच्या एका बंदराच्या शहरातले सगळे व्यवसाय आणि उद्योग तीत फोटोंसह दिले होते. जहाजबांधणी, बर्फ, दोरखंड, खलाशांच्या खानावळी, अशी अकरा सदरे. प्रत्येक फोटोत टोपी घातलेला एक पुरुष हात मागे बांधून उभा, आणि त्याच्या मागे धुराडे. ती धुराडी पाहून विजयसिंहरावांचा कंठ दाटून आला. (घसा धुरानेही दाटतो, पण फोटोत धूर कृष्णधवल असतो.) परत आल्यावर त्यांनी ठराव मांडला. आपल्याही बंदराची अशीच पुस्तिका निघावी, सदरे तीच असावीत, आणि बंदर मागाहून करावे.

सर्वेक्षणाला मी निघालो. बरोबर साक्षी वाघमारे. ही मंडळाची सर्वेक्षण अधिकारी, अर्थशास्त्रात एम.ए.; ही त्रुटी मुलाखतीच्या वेळी आमच्या लक्षात आली नव्हती. तीन आठवड्यांत आम्ही अकरापैकी नऊ सदरे भरली. दोरखंड उद्योगात बाजारपेठेतले सुतळीचे दुकान बसले. खलाशांच्या खानावळीत महामार्गावरचे चार ढाबे बसले, कारण ट्रकचालक हा खलाशीच, फक्त त्याच्याखाली पाणी नसते. दीपगृह म्हणून मोबाइलचा टॉवर नोंदवला. त्याच्या टोकावर लाल दिवा आहे आणि त्याच्या आधाराने आजवर एकही जहाज फुटलेले नाही.

उरलेली दोन सदरे मात्र खरी निघाली आणि पंचाईत झाली.

उजनी धरणाचे मागे पसरलेले पाणी आमच्या तालुक्याला लागून आहे. त्या पाण्यात शेकडो माणसे मासे धरतात, हे मंडळाला ऐकून माहीत होते. पाहायला कोणी गेले नव्हते, कारण तिकडे वास येतो. काठावर पत्र्याच्या शेडमध्ये बिरू नावाचा माणूस लोखंडी पत्रे जोडून होड्या बनवतो. आम्ही गेलो तेव्हा तो वेल्डिंग करत होता.

“वर्षात किती जहाजं बांधता?” मी विचारले.

“जहाज न्हाय आबा, होडी हाय. औंदा अकरा झाल्या.”

मी ‘अकरा जहाजे’ असे लिहिले. साक्षीने माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे पाहिले.

दुसरा खरा उद्योग बर्फाचा. बाह्यवळणाला लागून मुनिरा मुलाणी यांचा बर्फाचा कारखाना होता. तो त्यांच्या सासऱ्यांनी, इमामभाईंनी, एकोणीसशे त्र्याण्णव साली उभा केला. इमामभाई वारले, नवरा मुजफ्फर लाद्या उचलून उचलून कमरेतून गेला, तेव्हापासून मुनिराबाईच तो चालवत होत्या. चार कामगार, रोजच्या दोनशे लाद्या. पहाटे टेंपो भरायचे आणि काठावर जायचे, म्हणजे रात्री धरलेली कटला, मरळ, चिलापी ताजी राहून पुण्या-सोलापूरला पोहोचायची. बर्फ गोठवायला मिठाच्या पाण्याची मोठी टाकी लागते. आमच्या संपूर्ण बंदरात खारे पाणी होते ते एवढेच.

मुनिराबाईंनी आम्हाला कारखाना फिरून दाखवला. ओल्या जमिनीवर मी घसरू नये म्हणून माझा कोपर धरला. मंडळाच्या फोटोग्राफरने त्यांना हात मागे बांधून उभे राहायला सांगितले. त्या म्हणाल्या, “हात मागं बांधून बर्फ निघत न्हाय.” मग लादी सांडशीत धरलेला फोटो निघाला आणि तो पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर छापला गेला. पुस्तिकेत खरा दिसणारा तेवढाच फोटो.

बिरूची अकरा जहाजे आणि मुनिराबाईंचा बर्फ या दोन नोंदींवर बंदराला मान्यता मिळाली. मान्यता आली की नकाशा येतो, नकाशा आला की हद्द येते, आणि हद्द आली की नियम. नियम क्रमांक सात : बंदराशी संबंध नसलेले उद्योग हद्दीतून हलवावेत. छाननी समितीने बर्फ कारखान्याचा विचार केला. बर्फ माशाला लागतो, मासा हा शेतीपूरक व्यवसाय, सबब बर्फ ही शेती. शेतीचा बंदराशी संबंध नाही. शिवाय कारखान्याच्या आवारात प्रवेशकमानीचा डावा पाय येत होता. (उजव्या पायाच्या जागेत विजयसिंहरावांचे मेहुणे राहतात. तो पाय आणखी उजवीकडे सरकवण्यात आला, म्हणून कमान थोडी रुंद आहे.)

सुनावणी बारामतीच्या कार्यालयात झाली. मुनिराबाई पुस्तिका घेऊनच आल्या होत्या. त्यांनी चौदावे पान माझ्यासमोर उघडले.

“आबा, हितं माझा फोटू हाय. खाली लिवलंय, ‘बंदराचा कणा’. मग मी बंदराची न्हाय कशी?”

मी अध्यक्षांकडे पाहिले. विजयसिंहराव शांतपणे म्हणाले, “ताई, पुस्तिका प्रसिद्धीसाठी असते, नकाशा अंमलबजावणीसाठी. दोन्हींची गल्लत करायची नसते.”

“सर,” साक्षी म्हणाली, “मान्यताच या नोंदीवर मिळाली आहे. बर्फाचा कारखाना काढला आणि होड्या मोजल्या नाहीत, तर आपल्याकडे सुतळीचं दुकान उरतं.”

इतिवृत्तात मी लिहिले : ‘कु. वाघमारे यांनी मान्यतेबाबत समाधान व्यक्त केले व स्थानिक सुतळी उद्योगाचा गौरवपूर्ण उल्लेख केला.’

मुनिराबाईंनी जागेचा हट्ट धरला नाही. त्यांनी मुदत मागितली. “मिरगापातूर थांबा. आत्ता उन्हाळा हाय, पाणी आटलंय, मासा लई लागतोय. आत्ता बर्फ बंद झाला तर काठावरची दीडशे घरं मासा उकिरड्यावर टाकतील. पाऊस लागला की मी माझी यंत्रं काढून घीन.”

मुदत मंजूर झाली. तोंडी. (लेखी मुदतीला तारीख घालावी लागते.)

उद्घाटन एप्रिलच्या अखेरीला ठरले. त्याआधी आठ दिवस आमच्या कंत्राटदाराने कारखान्याची विजेची डीपी काढून कमानीच्या रोषणाईला जोडली. कमानीला चार हजार दिवे आहेत. मुनिराबाईंनी जनरेटर भाड्याने आणला. त्यावर तीन कॉम्प्रेसरपैकी एक कसाबसा चालायचा. दोनशेच्या जागी साठ लाद्या निघू लागल्या. काठावर माणसे बर्फासाठी नंबर लावू लागली, आणि बिरूने वेल्डिंग थांबवून भांडणे सोडवायचे काम पत्करले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी विजयसिंहराव स्वतः कारखान्यात आले. मी बरोबर होतो. फोटोग्राफर पहिल्यांदाच बरोबर नव्हता. प्रमुख पाहुणे येत होते अमेरिकेतल्या त्या बंदराचे एक निवृत्त अधिकारी (ज्यांनी अंगणात सामान मांडले होते, तेच शेजारी). मंचासमोर बर्फाचे जहाज कोरायचे ठरले होते. पुण्याहून कारागीर आला होता, मंडपात करवत घेऊन बसला होता. बंदरात जहाज हवे, हा मुद्दा तसा रास्तच होता.

“साठ लाद्या लागतील,” विजयसिंहराव म्हणाले. “आणि हे बघा, तुमच्यासाठी काय आणलंय.”

कारखान्याला तीन वर्षे हात न लावण्याचे ते पत्र होते. सही होती, शिक्का होता, तारीखही होती. मीच टाइप केले होते. मंडळाच्या चार वर्षांत माझ्या हातून गेलेला तो एकमेव पूर्ण कागद.

मुनिराबाईंनी ओल्या हातांनी तो घेतला आणि दोनदा वाचला. पडवीत खाटेवर मुजफ्फर आडवा होता, तो मान उचलून बघत होता. दाराशी काठावरचा टेंपो उभा होता. आदल्या रात्री वारा पडला होता आणि जाळी फुटेपर्यंत मासा आला होता. बिरू स्वतः बर्फ न्यायला आला होता. कोठीत एकूण चौसष्ट लाद्या होत्या.

जनरेटर धडधडत होता.

“काय करू?” मुनिराबाईंनी नवऱ्याला विचारले.

मुजफ्फर म्हणाला, “मला काय इचारतीस? दारात टेंपो कुणाचा हाय ते बघ.”

त्यांनी पत्राची घडी घातली, त्यावर पाण्याचा डाग पडला होता तो पदराने टिपला, आणि ते माझ्या हातात परत दिले. विजयसिंहरावांना म्हणाल्या, “सायेब, तुमचं जहाज उद्या दुपारपातूर इरघळंल. ह्यांचा मासा आज सडंल.” मग बिरूकडे वळून, “टेंपो मागं घे रं. सगळ्या भर.”

बिरू जागचा हलला नाही. “वहिनी, चारच ने म्हन. बाकीच्या त्यांस्नी दे. तुजं घर जाईल.”

“टेंपो मागं घे म्हनलं न्हवं.”

चौसष्ट लाद्या चढल्या. त्या वेळी मी मान खाली घातली होती. सचिवाचे कागद खालीच असतात.

उद्घाटन उत्तम झाले. बर्फाऐवजी थर्माकोलचे जहाज ठेवले. ते जास्त टिकाऊ ठरले. तापमान बेचाळीस. उपस्थिती दोन हजार, पैकी खुर्च्या सतराशे. पाहुणे अकरा मिनिटे थांबले. त्यांनी थंड पाणी मागितले, ते मिळाले नाही, आणि घामाघूम होऊन ते इंग्रजीत काही म्हणाले. मी त्याचा अनुवाद ‘असे बंदर मी आयुष्यात पाहिलेले नाही’ असा केला. तो शब्दशः बरोबर होता.

नवव्या दिवशी जेसीबी आला. मुनिराबाईंनी चालकाला हाताने थांबवले. विरोध करायला नव्हे. यंत्राच्या नळ्यांत अमोनिया भरलेला होता. नळी तुटती तर चालक, मजूर आणि शेजारची वस्ती गुदमरली असती. हे मंडळाच्या ध्यानात आले नव्हते. तोंडाला ओला कपडा बांधून त्या आणि त्यांचा एक कामगार चार तास वायू पाण्यात सोडत बसले. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “आता पाड.” अहवालात नोंद आहे : ‘पाडकामास चार तास विलंब. जबाबदार : सदर महिला.’

टाकी फुटली तेव्हा खारे पाणी रस्त्यावर आले आणि कमानीखालून वाहत गेले. त्या माझ्याजवळ उभ्या होत्या. रडल्या नाहीत. “सासऱ्यांनी मीठ डोक्यावर आणलं होतं,” एवढेच बोलल्या. मी त्यांना चहा विचारला. त्या नको म्हणाल्या, आणि मला बरे वाटले, कारण जवळपास चहा नव्हता.

दोन कॉम्प्रेसर भंगारात गेले. तिसरा बिरूने आपल्या शेडमध्ये बसवून दिला. होड्या तो आता बाहेर उन्हात जोडतो. रोजच्या सत्तर लाद्या निघतात. चारपैकी दोन कामगार घरी बसले. काठावरच्या दीडशे घरांपैकी चाळीस घरांनी जाळी गुंडाळून ठेवली. त्यांतले काही जण पुण्यात सोसायट्यांच्या फाटकावर उभे असतात. साक्षीने राजीनामा दिला. तो सहा मिनिटांत मंजूर झाला. (मंडळाच्या इतिहासातला सर्वांत वेगवान निर्णय.) बंदरात एक रिकामा कंटेनर आहे. त्यात माझे कार्यालय आहे. उन्हाळ्यात आत बसवत नाही.

आता काही वाचक हळहळतील आणि विचारतील, एवढे सगळे होईपर्यंत कोणी काही बोलले कसे नाही? प्रश्न योग्य आहे. हद्द निश्चित करताना मंडळाने वर्तमानपत्रात रीतसर जाहीर सूचना दिली होती. नकाशा, नियम, कारखान्याचा गट क्रमांक, हरकतीसाठी तीस दिवस, सगळे छापले होते. पान सहा, राशिभविष्याच्या खाली. तो अंक आपल्या घरी आला होता. आपण पान सहा उघडलेही होते. आपली रास वाचलीत, तीत ‘वादापासून दूर राहा’ असे होते, आणि आपण दूर राहिलात.

तीस दिवसांत एकूण हरकती आल्या एक. ती मुनिरा मुलाणी यांची. बाकी सर्व नागरिकांची स्वतंत्र यादी मी स्वतः केली आहे. तीत आपले नाव आहे, आणि नावापुढे, नियमाप्रमाणे, ‘हरकत नाही’ असे लिहिले आहे.