हवालदाराचा पहारा

मथुराबाईंच्या पिंडाला कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं मुळीच नाही. खाडीकाठच्या सुरूंवर त्यांची रांग लागली होती. मधूनच एखादा वाळूत उतरायचा, पिंडाच्या दिशेनं दोन उड्या मारायचा आणि काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा फांदीवर जायचा. मुंबईच्या गोदीत कारकून असलेला मथुराबाईंचा मुलगा भास्कर ओलेत्यानं हात जोडून उभा होता. त्याच्या पाठीमागे भरती चढत होती.

"काय ते लवकर बघा," भटजी म्हणाले. "पाणी पानाला लागलं की संपलं. नाहीतर दर्भाचा कावळा करतो आणि लावतो."

"दर्भाचा?" मथुराबाईंचे भाऊ बाळामामा दचकले. "भटजीनू, माझी भैन अशी अर्धवट राहिली तर ती माझ्या छातीवर येऊन बसंल!"

मथुराबाई हयातीत कुणाच्या छातीवर बसल्या नव्हत्या, पण बाळामामांना स्वतःचं मन ठाऊक होतं.

"मग वचन द्या. त्यांची राहिलेली इच्छा बोला."

भास्करनं घसा खाकरला. "आई, तुझं वर्षश्राद्ध नाशकाला करीन." कावळे ढिम्म. "चहा सोडीन." एका कावळ्यानं पंख झाडले, पण ते चहासाठी नसावं. "बरं, विडीसुद्धा."

"तू विडी ओढतोस?" मामांनी विचारलं.

"आता नाही ओढत."

पाणी हातभर पुढे सरकलं. मामांचा धीर सुटला. ते पुढे झाले आणि कावळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "बाय गो, तुझ्या नि माझ्या बागेच्या हद्दीवरचा मेरेचा दगड मीच सरकवला! उद्या सकाळी होता तिथं ठेवतो, दोन कलमांसकट!"

"तरीच!" मागून आवाज आला.

"भावोजी, दहाव्याला भांडू नये," मामा मागे न बघता म्हणाले.

आवाज भिकाजी तांडेलांचा होता. मथुराबाईंचे यजमान. आयुष्य गलबतावर काढलेला माणूस, आणि आता वाळूत रुतलेल्या एका ओंडक्यावर बसला होता. त्यांच्या शेजारी त्यांचा जुना खलाशी लवू हातात रिकामा दोर घेऊन उभा होता. तो हर्ण्याहून आला होता तो कुत्रा न्यायला. भास्करनं सगळं ठरवून टाकलं होतं. तेराव्यानंतरच्या आगबोटीनं बाबांनी गिरगावातल्या खोलीत यायचं, घराला कुलूप लावायचं आणि आईचा कुत्रा लवूनं हर्ण्याला न्यायचा. "तिथं मासळीचा बाजार आहे, मजेत राहील," असं भास्कर म्हणाला होता. तांडेलांनी नुसती मान हलवली होती.

कुत्र्याचं नाव हवालदार. ते मथुराबाईंनी ठेवलं होतं, कारण अंगणात आमसुलं नाहीतर आंबोशी वाळत घातली की तो शेजारी बसून पहारा करायचा. वाळवणाला स्वतः तोंड लावायचा नाही आणि कावळ्याला लावू द्यायचा नाही. भुंकायचीही गरज पडत नसे. तो मान वर करायचा, एवढ्यानं आळीतले कावळे समजून जायचे. त्याचं आणि तांडेलांचं कधीच पटलं नव्हतं. पण मथुराबाई गेल्या, घर खायला उठलं, आणि दोघांचंही अन्न सुटलं. एका दुपारी तांडेल आपलं ताट उचलून पडवीत त्याच्याशेजारी जाऊन बसले. तेव्हा दोघंही जेवले, आणि मग रोज तसेच जेवू लागले. परवाच मुंबईहून आलेल्या भास्करला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी हवालदाराला लाकडांच्या खोपीत बांधून ठेवलं होतं. तरी तो इथे आला होता. पालथ्या होडीच्या सावलीत बसून तो उघड्यावर मांडलेल्या भाताकडे डोळ्यात तेल घालून बघत होता. "मुकं जनावर, निरोप द्यायला आलंय. लांब आहे, बसू दे," असं म्हणून भटजींनीच त्याला राहू दिलं होतं.

"तांडेल," भटजी आता थेट त्यांच्याकडे वळले. "बाईंचा जीव कशात अडकला होता?"

सगळ्यांच्या नजरा ओंडक्याकडे गेल्या.

"कुत्र्यात," तांडेल म्हणाले.

"त्याची सोय केलीय की, बाबा! आई, हवालदार हर्ण्याला सुखात राहील हो!"

एक कावळा खाली उतरला. हवालदारानं मान वर केली. कावळा परत गेला.

"नाय म्हणत्येय ती!" मामा ओरडले. "भास्करा, पाणी बघ!"

"बरं, इथंच राहील. मामा सांभाळतील."

"मी? मला कुत्रा चावतो!"

कावळे जागचे हलेनात.

"मग राहील कुणाजवळ? बाबा इथं एकटे..." भास्करचा आवाज चिरकला. "दुखलंखुपलं तर मी काय मुंबईहून पोहत येऊ?"

"एकटा नाय," तांडेल हळूच म्हणाले. "आमी दोघं हाव."

लाटेचा फेस पानाच्या अगदी जवळ येऊन विरला. भास्करनं डोळे मिटले. "आई, बाबा इथंच राहतील. कुत्राही राहील. शपथ!"

तांडेल उठले. "हवालदार, चल."

हवालदार हलला नाही.

"चल म्हणतो ना!"

हवालदारानं त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा भाताकडे. आता मात्र तांडेलांना उमगलं. संध्याकाळी वाळवण उचललं की मथुराबाई त्याला ठरलेल्या शब्दांत मोकळं करायच्या, आणि त्याशिवाय तो पहारा सोडत नसे. ते शब्द तांडेलांनी रोज ऐकले होते. त्यांना रागही येई, कारण नवऱ्याला तिनं कधी तसं म्हटलं नव्हतं. चारचौघांत, भटजींच्या देखत, ते आता त्यांना म्हणावे लागणार होते. दुसरी लाट निघाली होती.

"ऊठ माझ्या राजा," तांडेल म्हणाले. "भरली टोपली."

हवालदार उठला. आळस देऊन तो सावकाश चालत आला आणि त्यानं तांडेलांच्या पायावर डोकं ठेवलं. त्याच क्षणी सुरूंवरचे सगळे कावळे पिंडावर तुटून पडले.

"कुत्र्याला जवळ घेतला नि शिवला!" मामा रडू लागले. "त्याच्यातच जीव होता गो तुझा!" भास्करही डोळे पुसत होता. भटजींनी घाईनं पळीपंचपात्र उचललं.

घरी परतताना लवू तांडेलांच्या बरोबरीनं चालू लागला. सकाळी हा दोर त्याला खोपीत पडलेला मिळाला होता. तो तुटलेला नव्हता, कुरतडलेलाही नव्हता.

"तांडेलानू," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्या हातची गाठ वादळात कधी सुटली नाय. आज बरी सुटली?"

"वय झालं रे," तांडेल म्हणाले. मग मागे रेंगाळलेल्या हवालदाराकडे वळून, कोण ऐकतंय हे न बघता त्यांनी हाक मारली, "चल माझ्या राजा, जेवायला उशीर झाला."