रामटेके सर आणि बदामाएवढी गाठ

सिंदेवाहीच्या बसस्टँडवर दोन माणसं भांडायला लागली की बाकीचे लोक मजा पाहायला थांबतात. आमचे शेजारी रामटेके सर मात्र त्यांना मेंदू समजावायला थांबतात.

सर हायस्कूलात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नाही. एकदा सीटच्या भांडणात एका धान-व्यापाऱ्यानं कंडक्टरची कॉलर धरली. सर मध्ये घुसले.

"भाऊ, तुमची चूक नाई. मेंदूत बदामाएवढी गाठ आहे, ते पेटून राह्यली. कपाळामागचा समजदार भाग तिले आवरते, पण तो जरा उशिरा पोचते. थांबा त्याच्यासाठी."

व्यापाऱ्यानं कॉलर सोडून कपाळ चाचपलं. "माह्याकडं आहे ना तो भाग?"

"आहे ना! वापर कमी आहे."

आधी कंडक्टर हसला, मग व्यापारी. बस सुटली. सरांना त्याच बसनं जायचं होतं, ते राहिलेच.

कोणाबद्दलही गाऱ्हाणं घेऊन जा, सर म्हणणार, "माणूस वाईट नसते. डोक्यातल्या वाटा जंगलातल्या पायवाटेवानी. ज्या वाटेनं रोज जाल, ते रुंद होते." त्यांच्या शेजारी राहून मला लोकांचा धड रागही येईनासा झालाय.

मागच्या वर्षी त्यांच्या पत्नीला, शशीबाईंना, लकवा मारला. हातपाय बरेचसे सावरले, पण माणसांची ओळख गेली. एका दुपारी मी लोणचं द्यायला गेलो, तर आतून बाई ओरडत होत्या, "हा कोण माणूस? घरात काऊन शिरला?"

हा म्हणजे सर. वाद न घालता ते बाहेर आले.

"घाबरली ते," मला म्हणाले. "ओळखायची वाट बुजली. पाहुण्याले पाणी द्यायची शाबूत आहे."

त्यांनी चपला घातल्या, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि स्वतःच्याच दाराची कडी वाजवली. "बाई, दुरून आलो. पाणी भेटन काय?"

शशीबाईंचा चेहराच बदलला. "या ना भाऊ, बसा. थकलेले दिसता." भिंतीला धरत त्या आत गेल्या आणि गडवाभर पाणी घेऊन आल्या.

सर खुर्चीच्या कडेवर, परक्यासारखे अंग चोरून बसले. सावकाश प्याले.

"घरी कोण आहे तुमच्या?" बाईंनी विचारलं.

"बायको आहे."

"कशी आहे?"

"बहुत चांगली आहे."

"मंग इथी काऊन बसले? जा लवकर. वाट पाहत असन बिचारी."

सरांनी मान हलवली. रिकामा गडवा पुढे केला.

"अजून थोडं पाणी द्या, बाई."